जुलाब महिनोन् महिने थांबत नाहीत तेव्हा…

सीताबर्डीच्या मेन रोडवर कापडाच्या एका दुकानात गेली पंचवीस वर्षं काउंटरवर उभे राहणारे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आमच्या ओपीडीत आले. वय ५२. केसपेपरवर तक्रार लिहिलेली होती, 'अशक्तपणा'. समोर बसले, पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "अशक्तपणा कशानं?" असं विचारलं तर म्हणाले, "असंच जी." सोबत आलेल्या मुलाला मी बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा कुठे ते बोलते झाले. "मॅडम, आठ महिने झाले. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागते. कधी सहा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असते, साड्या उलगडलेल्या असतात अन् पोटात कळ येते. काय सांगता त्याले?"

मग त्यांनी मला बर्डीचा एक नकाशाच सांगितला. व्हरायटी चौकापासून मुंजे चौकापर्यंत टॉयलेट कुठे कुठे आहे, कुठलं सकाळी उघडं असतं, कुठला दुकानदार मागच्या दाराची किल्ली देतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. दुपारी पोट बिघडू नये म्हणून चार महिन्यांपासून त्यांनी डबा आणणं बंद केलं होतं. वजन सहा किलोनं उतरलं होतं. सकाळच्या तर्री-पोह्यांवर त्यांनी स्वतःच दोष ठेवून ते सोडून दिले होते, त्यालाही सहा महिने झाले होते. फरक काही पडला नव्हता.

त्यांच्या पिशवीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. त्यांत 'आवेची गोळी' म्हणून दुकानातून मिळणारं दोन औषधांचं मिश्रण पाच वेळा घेतलेलं होतं. आपल्याकडे पोट फार दिवस बिघडलं की त्याला 'जुनी आव' म्हणायची पद्धत आहे, आणि आव म्हटली की औषध ठरलेलं. खरी अमिबाची आव असते आणि तिच्यावर औषधही आहे. पण पाच वेळा औषध घेऊनही जी हटत नाही ती बहुधा आव नसते, हे त्या औषध देणाऱ्यालाही कळायला हवं आणि घेणाऱ्यालाही.

दोन-चार दिवसांचे जुलाब आणि महिनोन् महिने चालणारे जुलाब यांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. पहिल्या प्रकारात शरीरातलं पाणी आणि क्षार राखणं हे आमचं मुख्य काम. कारण शोधत बसायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, आजार आपणहून आटोपतो. चार आठवडे उलटून गेले की मात्र आम्ही त्याला जुनाट म्हणतो. अशा वेळी कारणांची यादी इतकी लांबते की सरसकट सगळ्या तपासण्या करायच्या म्हटल्या तर रोगी आधी पैशानं संपेल. म्हणून ही यादी छाटायची असते, आणि ती छाटली जाते प्रश्नांनी. अडचण एवढीच की हे प्रश्न विचारायला डॉक्टरला वेळ नसतो आणि उत्तरं द्यायला रोग्याला लाज वाटते.

पहिलाच प्रश्न असा असतो : तुम्ही जुलाब कशाला म्हणता? दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी मोठी मुभा निसर्गानं दिलेली आहे. दिवसातून तीनदा जाणारा, पण बांधून होणारा माणूस आजारी नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७मध्ये शौचाच्या सात प्रकारांची चित्रं प्रसिद्ध केली, सुट्या कडक खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत. ती चित्रं मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत. बोलायला संकोचणारी माणसं बोट ठेवून सांगतात, "हे, सहा नंबरचं." कितीतरी वेळ वाचतो.

याच प्रश्नातून कधी भलतंच निघतं. काही जणांना जुलाब नसतात, ताबा गेलेला असतो. कपडे खराब होतात म्हणून ते 'जुलाब' म्हणतात, कारण तेवढंच बोलवतं. अवघड बाळंतपणं झालेल्या बायका हे वर्षानुवर्षं नवऱ्यालाही सांगत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं आणखी वेगळं. आत कडक मळाचा गोळा अडकून बसलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ पाणी झिरपत राहतं. घरचे जुलाब थांबवायच्या गोळ्या देतात आणि गोळा आणखी पक्का होतो. मूळ आजार बद्धकोष्ठाचा आणि उपचार जुलाबाचा!

नंतरचा प्रश्न, एका वेळी किती? हे किळसवाणं वाटलं तरी त्यामागे हिशेब आहे. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पोटात घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं मिळून आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतो आणि शेवटी बाहेर पडतं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी. बिघाड लहान आतड्यात असेल तर एकेका वेळी भरपूर, कधी तेलकट, भांड्याला चिकटणारं, उग्र वासाचं शौच होतं. मोठ्या आतड्याच्या टोकाशी सूज असेल तर थोडं थोडं, घाईनं, शेंबडासारखं, रक्ताचा अंश असलेलं होतं आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. एवढ्या दोन वर्णनांवरून तपास कुठून सुरू करायचा ते ठरतं.

उपाशी राहिल्यावर जुलाब थांबतात का, हाही कामाचा प्रश्न. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. न पचलेली साखर किंवा एखादा क्षार आतड्यात पडून राहिला तर तो असंच पाणी ओढून घेतो. दुधातली साखर न पचणाऱ्यांचं हेच होतं, आणि भारतात अशी मोठी माणसं भरपूर आहेत. त्यांचे जुलाब ते दूध सोडलं की थांबतात, आणि ताक-दही बहुधा सोसतं. याउलट आतड्याचं अस्तर स्वतःच पाणी सोडत असेल तर उपास केला तरी नळ चालूच राहतो.

आणि रात्री? गाढ झोपेतून उठून जावं लागतं का? ज्यांच्या आतड्यात प्रत्यक्ष इजा नसते, फक्त हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते, त्यांचं पोट सहसा रात्री झोपू देतं. रोज रात्री दोन वाजता उठवणारा जुलाब मी कधीच हलक्यात घेत नाही. तसंच रक्त, ताप, पंडुरोग, उतरतं वजन, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, आणि पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सवय बदलणं.

आपल्या साडीवाल्या गृहस्थांना रात्री उठावं लागत नव्हतं, रक्तही नव्हतं. मग मी पट्ट्यांची पिशवी टेबलावर ओतली. हे मी प्रत्येकाच्या बाबतीत करते. 'कुठली औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला लोक आजाराची औषधं सांगतात, रोजची सांगत नाहीत. मधुमेहाची मेटफॉर्मिन, आम्लपित्तावरची मॅग्नेशियमची पातळ औषधं, संधिवातातली कोल्चिसिन, दुखण्यावरच्या गोळ्या, थायरॉईडची गरजेपेक्षा जास्त झालेली गोळी, अगदी रक्तदाबावरची ओल्मेसार्टनसुद्धा क्वचित, ही सगळी जुलाब लावू शकतात. 'शुगर-फ्री' गोळ्या-चॉकलेटांतलं सॉर्बिटॉलही त्यातच. आणि ज्याला कुणी औषध समजतच नाही ते, रात्री कोमट पाण्याबरोबर घ्यायचं 'पोट साफ' करणारं चूर्ण. त्यात बहुधा सोनामुखी असते. रात्री चूर्ण घ्यायचं आणि सकाळी पातळ होतं म्हणून डॉक्टरकडे यायचं, असे रोगी मला वर्षाला पाच-सहा तरी भेटतात.

या गृहस्थांच्या मधुमेहाच्या जुन्या चिठ्ठ्या मुलाच्या मोबाईलमध्ये होत्या. नऊ महिन्यांपूर्वी साखर वाढली म्हणून मेटफॉर्मिनचा डोस दुप्पट केला गेला होता. जुलाब त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झाले होते. हे औषध उत्तम आहे, स्वस्त आहे आणि मी स्वतः रोज लिहिते. पण सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर ते अनेकांचं पोट बिघडवतं, काहींचं तर वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतल्यानंतरही. डोस कमी केला, सावकाश विरघळणारी गोळी जेवणाबरोबर दिली, साखरेसाठी जोडीला दुसरं औषध दिलं. दोन आठवड्यांनी आले तेव्हा दिवसातून एकदा-दोनदा होत होतं. (वाचून कुणी आपली मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नये. वाढलेली साखर जुलाबांपेक्षा वाईट.)

तरीही मी त्यांची कोलोनोस्कोपी करवलीच. ते म्हणाले, "आता कायले जी? बरं वाटून राहिलं ना." वय ५२ आणि वजनात सहा किलोची घट. घट उपाशी राहिल्यामुळे होती हे जवळजवळ नक्की होतं. पण 'जवळजवळ'वर थांबायची माझी तयारी नाही, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका छोट्या रुग्णालयात होते. साठीतले एक शेतकरी यायचे. सकाळी तीन-चारदा जावं लागतं, पोट साफ वाटत नाही. कापसाचा भाव पडलेला, मुलीचं लग्न ठरलेलं, माणूस चिंतेत. मी ठरवून टाकलं की हे मनाच्या ताणामुळे बिघडलेलं पोट. गोळ्या दिल्या, धीर दिला. तीनदा आले, तीनदा तेच. चौथ्यांदा आले तेव्हा हिमोग्लोबिन आठावर होतं. त्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी हातमोजा चढवला आणि गुदद्वाराची बोटानं तपासणी केली. गाठ बोटाला लागत होती. ही तपासणी एका मिनिटाची, फुकट. पहिल्याच दिवशी मी ती केली नव्हती, कारण ओपीडीत गर्दी होती, पडदा फाटका होता, आणि मलाच संकोच वाटला होता. लाज फक्त रोग्यालाच असते असं नाही. पुढे त्यांचं काय झालं ते मला माहीत आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही.

ताणानं पोट बिघडतं, हे खरंच आहे. इरिटेबल बॉवेल हा खराखुरा आजार आहे, 'मनाचे खेळ' नव्हे. पण त्याचंही निदान करायचं असतं : पोटात दुखणं, ते शौचाशी निगडित असणं, निदान सहा महिन्यांचा इतिहास असणं आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एकही नसणं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून चिकटवायचं ते लेबल नव्हे.

आता तपासण्यांविषयी. प्रश्न आणि हातानं तपासून झाल्यावर सुरुवात साध्या रक्तचाचण्यांनी होते : हिमोग्लोबिन, सूज दाखवणारी चाचणी, साखर, थायरॉईड, रक्तातली प्रथिनं. एचआयव्हीची चाचणी मी समुपदेशकाशी बोलणं करवून, रोग्याला विचारून, जवळजवळ प्रत्येकाला सुचवते. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. भुवया उंचावतात, पण २००४पासून एचआयव्हीची औषधंही सरकार मोफत देतं, आणि ती वेळेवर सुरू झाली की वर्षभराचे जुलाब थांबलेले मी पाहिले आहेत.

मग शौचाची तपासणी. आम्ही शिकत होतो तेव्हा लोक नमुना काडेपेटीत घालून आणायचे. आता डबी मिळते, पण सकाळी सहाचा नमुना दुपारी एक वाजता देणं चालूच आहे. नमुना ताजा हवा, तास-दोन तासांत पोचायला हवा, त्यात लघवी मिसळलेली नको. आणि एकदा 'नॉर्मल' आला म्हणून संपलं नाही. जिआर्डियासारखे परजीवी रोज दिसत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावं लागतं. हा जिआर्डिया माणसाला पहिल्यांदा दिसला तोही असाच. हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या लेवेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्यानं १६८१मध्ये स्वतःला जुलाब लागलेले असताना स्वतःचंच शौच स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात हलणारे जीव पाहून लिहून ठेवले. त्याला लाज वाटली नाही, हे आपलं नशीब. अलीकडे कॅलप्रोटेक्टिन नावाची चाचणी आली आहे. आतड्याला सूज असेल तर पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शौचात वाढतं. ते कमी असेल तर बऱ्याच तरुण रोग्यांची दुर्बीण टळते.

एका तपासणीचा मात्र लोक स्वतःच घोळ करून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी २७ वर्षांची एक शिक्षिका आली होती. सासर नागपूरचं, माहेर भंडारा जिल्ह्यातलं. लग्नानंतर वर्षभरात पोट बिघडलं ते बिघडलंच. हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पुन्हा सात. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी न विचारता सांगितलं, "माहेरी गेली की हिले काही होत नाही, मॅडम. पंधरा दिवसांत गाल वर येतात. इथं आली की पुन्हा चालू." सूर तक्रारीचा होता. सून नाटक करते, असा. मला वाटतं, त्या ओपीडीत त्या वर्षी कुणी सांगितलेली ती सगळ्यात मोलाची माहिती होती. मी विचारलं, "माहेरी काय जेवता?" भंडारा म्हणजे धानाचा मुलूख. सकाळ-संध्याकाळ भात. इथे दोन्ही वेळा गव्हाची पोळी.

गव्हातल्या ग्लुटेनमुळे काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवते. या आजाराला सिलिअॅक म्हणतात. उत्तर भारतात तो शंभरात एकाच्या आसपास आढळतो, तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेत बराच कमी. याचा गव्हाशी संबंध जगाला कळला तोही असाच. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि बाकी मुलं खंगत असताना ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. भंडाऱ्याची गाडी धरली की बरं आणि नागपूरला उतरलं की आजार, ही तीच गोष्ट.

घोळ असा की तिनं कुठेतरी वाचून दहा दिवस पोळी सोडली होती आणि मग चाचणीला आली होती. या आजाराची रक्तचाचणी आणि लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही गहू चालू असतानाच करायच्या असतात. गहू सोडून अस्तर सुधारायला लागलं की पुरावा पुसला जातो. तिला पुन्हा काही आठवडे पोळी खायला लावावी लागली, आणि ते सांगताना मला वाईट वाटलं. निदान पक्कं झालं. आता घरात ज्वारीची भाकरी आणि भात. रवा, मैदा, शेवया बंद. बांधणीच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, हे सासूबाईंनीच डबीवर वाचून शोधून काढलं. हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं आहे.

सगळ्यांचं निदान इतकं सरळ होत नाही. सध्या माझ्याकडे २४ वर्षांचा एक मुलगा आहे, शिकता शिकता पार्सल पोचवायचं काम करणारा. पाच महिने जुलाब, संध्याकाळी बारीक ताप, पोटात उजवीकडे खाली दुखणं. कोलोनोस्कोपीत लहान आणि मोठं आतडं मिळतं तिथे व्रण दिसले. आपल्या देशात त्या जागेवर असे व्रण दिसले की दोन नावं समोर येतात. एक आतड्याचा क्षयरोग. दुसरं क्रोन, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्यावर उलटणं. दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसू शकतात, सूक्ष्मदर्शकाखालीही बऱ्याचदा सारखेच. क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी नकारात्मक आली, पण आतड्यात जंतू इतके कमी असतात की त्यावरून क्षय नाही असं म्हणता येत नाही. आणि चूक दोन्हीकडून महाग. क्रोन समजून स्टिरॉइड दिलं आणि क्षय निघाला, तर तो अंगभर पसरू शकतो. क्षय समजून औषधं देत राहिलो आणि क्रोन निघाला, तर हातचे महिने जातात आणि आतडं अरुंद होत जातं.

अशा वेळी आम्ही क्षयाची औषधं आधी सुरू करतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतो. व्रण भरले असतील तर क्षय, नसतील तर दुसरीकडे वळायचं. ताप नुसता उतरला म्हणून फसायचं नसतं, व्रण डोळ्यांनी पाहायचे असतात. औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. मुलगा ती नेमानं घेतो आहे, वजन दोन किलो वाढलं आहे, जुलाब कमी आहेत पण थांबलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात त्यानं मला विचारलं, "मॅडम, यांतलं काय निघालेलं बरं?" मी म्हटलं, क्षय. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मी त्याला समजावलं की क्षय सहा महिन्यांच्या औषधांनी बहुतेक वेळा बरा होतो आणि क्रोन जन्मभर सांभाळावा लागतो. त्याची दुसरी कोलोनोस्कोपी पुढच्या मंगळवारी आहे.